वणवा, जळीत आणि वस्ती : सातारा-सांगली परिसरातील आगींचा इतिहास व परिणाम

प्रास्ताविक

८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री अमेरिकेत दोन आगी लागल्या. पहिली शिकागो शहराला लागली. तीत सुमारे तीनशे माणसे मेली व शहराचा मोठा भाग बेचिराख झाला. दुसरी विस्कॉन्सिन प्रांतातील पेश्टिगो या लाकूडतोड्यांच्या गावी लागली. तेथे किमान बाराशे माणसे मृत्युमुखी पडली. शिकागोची आग जगाच्या स्मरणात राहिली, पेश्टिगोची विसरली गेली. शिकागोत वृत्तपत्रे होती, विमा कंपन्या होत्या, मालमत्तेचे कागद होते. पेश्टिगोत जंगल साफ करण्यासाठी शेतकऱ्यांनी व रेल्वेच्या मजुरांनी लावलेल्या लहानमोठ्या आगी होत्या. त्या वाऱ्याने एकत्र आल्या आणि सगळा परिसर गिळून गेल्या. ज्या आगीचे नुकसान रुपयांत मोजता येते तिचा इतिहास लिहिला जातो. जी आग गवत, झुडूप आणि गरिबाचे छप्पर जाळते तिचा लिहिला जात नाही.

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतील आगींचा विचार करतानाही हाच अनुभव येतो. शनिवारवाडा २७ फेब्रुवारी १८२८ रोजी पेटला आणि आठवडाभर जळत राहिला, हे मराठी वाचकाला शालेय पुस्तकांपासून ठाऊक असते. परंतु दरवर्षी फाल्गुन-चैत्रात सह्याद्रीच्या सोंडांवर रात्री दिसणारी तांबडी रेघ कोणत्याही बखरीत नाही. लोक ती पाहतात, ‘डोंगर लागला’ म्हणतात आणि झोपतात. प्रस्तुत लेखात या परिसरातील डोंगरावरचा वणवा, शिवारातील उसाचे जळीत आणि वस्तीतील आग या तीन प्रकारांचा ऐतिहासिक आढावा घेऊन त्यांच्या परिणामांची चर्चा केली आहे. हे तिन्ही प्रकार शासकीय व्यवहारात तीन वेगळ्या खात्यांकडे जातात, म्हणून त्यांचा एकत्र विचार क्वचितच होतो.

येथे एक प्रशासकीय तपशील लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. आजचा सांगली जिल्हा १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ या नावाने वेगळा झाला व १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यापूर्वीच्या नोंदींत शिराळा, वाळवा, तासगाव, खानापूर हे भाग साताऱ्यातच सापडतात.

डोंगरावरचा वणवा : कायद्यापूर्वी आणि कायद्यानंतर

या प्रदेशात आग ही मूलतः आपत्ती नव्हती, ते शेतीचे अवजार होते. महाबळेश्वर, जावळी, पाटण, शिराळा या पश्चिम पट्ट्यात नाचणी, वरी व भाताच्या रोपांसाठी ‘राब’ भाजला जाई आणि आजही काही ठिकाणी भाजला जातो. झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण व गवत यांचे थर जमिनीवर पसरून उन्हाळ्यात ते पेटवायचे आणि त्या भाजलेल्या तुकड्यात रोपे टाकायची, ही पद्धत. तणाचे बी मरते, कीड मरते, राखेतून पालाश मिळते व अतिपावसाच्या निकृष्ट जमिनीत रोप जोमदार उठते. ज्या भूमीत वर्षाला कित्येक हजार मिलिमीटर पाऊस मातीतील क्षार धुऊन नेतो, तेथे या पद्धतीमागे अज्ञान नव्हते, हिशेब होता. याच्याच जोडीला ‘कुमरी’ होती. डोंगरउतारावरील झाडोरा तोडून, जाळून, दोन-तीन वर्षे पीक काढायचे आणि पुढे तो तुकडा काही वर्षे पडीक ठेवून दुसरीकडे जायचे, असा तिचा क्रम असे.

इंग्रजी अमलाने या दोन्हींकडे पाहण्याची दृष्टी बदलली. रेल्वेचे स्लीपर व जहाजबांधणी यांसाठी सागवान हवे होते. १८६४ साली डीट्रिख ब्रँडिस या जर्मन वनशास्त्रज्ञाची हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक म्हणून नेमणूक झाली. त्याच सुमारास मध्य प्रांतातील बोरीच्या जंगलात कर्नल पिअरसन यांनी आगीपासून संपूर्ण संरक्षणाचा प्रयोग केला आणि तो यशस्वी ठरल्याचे मानले गेले. १८६५ व १८७८ च्या वनकायद्यांनी जंगलाचे ‘राखीव’ व ‘संरक्षित’ असे वर्ग पाडले आणि राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा ठरला. कुमरीवर बंदी आली. राबासाठी फांद्या तोडण्यावर निर्बंध आले. मुंबई इलाख्यात, विशेषतः ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत, यावरून इतका असंतोष माजला की १८८५ साली सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला.

गंमत अशी, की संपूर्ण संरक्षणाचे धोरण ज्यांनी आणले त्यांच्याच अधिकाऱ्यांना पुढे त्याबद्दल शंका येऊ लागली. ब्रह्मदेशातील सागाच्या जंगलांत आग बंद केल्यावर सागाची नवी रोपे उगवेनाशी झाली. दाट सावलीत बांबू व इतर झुडपे माजली. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे संरक्षणाचे धोरण सैल करावे लागले. अमेरिकेने हा धडा आणखी उशिरा आणि फार महागात घेतला. १९१० च्या महावणव्यात सुमारे तीस लाख एकर जंगल जळाल्यानंतर तेथील वनखात्याने प्रत्येक आग विझवण्याचा निर्धार केला. १९३५ साली तर आग दिसल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत ती आटोक्यात आलीच पाहिजे असा नियम झाला. त्याचा परिणाम म्हणून अनेक जंगलांत दशकानुदशके सरपण साचत गेले. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी कॅलिफोर्नियातील पॅराडाइज हे गाव जळाले आणि ८५ माणसे गेली, त्यामागे वीजवाहिनीचा दोष, दुष्काळ व वारा यांच्याबरोबर हे साचलेले सरपणही होते.

सह्याद्रीतील प्रश्न मात्र केवळ सरपणाचा नव्हता. तो हक्काचा होता. ज्या डोंगरावर गावाची गुरे चरत, जेथून शाकारणीचे गवत व नांगराचे लाकूड येई, तो डोंगर एका अधिसूचनेने परका झाला. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात कलम २६ अन्वये राखीव वनात आग लावण्यास मनाई आहे. त्याच कायद्याच्या कलम ७९ अन्वये वनात हक्क असलेल्या व लगतच्या गावातील माणसांवर आग विझवण्यास मदत करण्याचे बंधनही आहे. म्हणजे डोंगर सरकारचा, विझवायचा गावाने. १९३० च्या जंगल सत्याग्रहात बत्तीस शिराळ्याजवळील बिळाशी गाव पेटून उठले, ते या पार्श्वभूमीवर. बिळाशीकरांचे हत्यार कुऱ्हाड होते, आग नव्हे. परंतु कुमाऊँमध्ये १९२१ साली लोकांनी चीडची जंगले उघडपणे पेटवून दिली होती. वनखात्याचा जेथे धाक असतो आणि आपलेपणा नसतो, तेथे काडी ओढणाऱ्याला पकडणे जवळजवळ अशक्य असते, हे तेव्हाही दिसले आणि आजही दिसते.

गवताचे शास्त्र

वणवा ‘आपोआप’ लागतो, बांबूवर बांबू घासून ठिणगी पडते, अशी एक समजूत या भागात सर्रास ऐकू येते. तिला आधार नाही. आकाशातील वीज पडून जगात अनेक ठिकाणी वणवे लागतात हे खरे. परंतु सह्याद्रीत विजा कडाडतात त्या वळवाच्या किंवा परतीच्या पावसाबरोबर, आणि त्या पावसातच बहुतेक ठिणग्या विझतात. जानेवारी ते एप्रिल या कोरड्या काळातील आग जवळजवळ नेहमी माणसाच्या हातून लागलेली असते. विडीचे थोटूक, बांध भाजताना उडालेली ठिणगी, मध काढताना केलेला धूर, शिकारीसाठी लावलेली आग, सहलीला आलेल्यांनी न विझवलेली चूल, घाटरस्त्याच्या कडेला पेटवलेला कचरा अशी तिची कारणे आहेत. या सर्वांपेक्षा मोठे कारण मात्र एक श्रद्धा आहे. जुने गवत जाळले की पावसाळ्यात नवे गवत चांगले फुटते, असे पशुपालक शेतकरी पिढ्यान्पिढ्या मानत आला आहे.

ही श्रद्धा पूर्णपणे खोटी नाही आणि म्हणूनच ती घालवणे कठीण आहे. सह्याद्रीवरील वणवा हा झाडाच्या शेंड्यावरून धावणारा नसून जमिनीलगत सरकणारा असतो. बहुवर्षायू गवताचे फुटवे मातीत वा मातीलगत सुरक्षित असतात. वरचे वाळलेले काड जळून गेले की पहिल्या पावसाबरोबर हिरवा कोंब मोकळा दिसतो, राखेने त्याला थोडा जोर मिळतो आणि गुरे त्यावर तुटून पडतात. शेतकरी जे पाहतो ते बरोबर पाहतो. त्याला जे दिसत नाही ते दहा-पंधरा वर्षांत घडते. वरचेवर जाळलेल्या माळावरून पवन्या, मारवेल यांसारखी गुरांना आवडणारी गवते हळूहळू हटतात आणि कुसळी बळावते. कुसळीच्या टोकदार बीला पीळ असतो. ओलाव्याने तो सुटतो व बी स्वतःला मातीत रोवून घेते, त्यामुळे वरून आग गेली तरी ते वाचते. जाळून जाळून शेतकरी आपल्याच गुरांच्या तोंडी कुसळे देतो. दावणीच्या जनावराच्या जिभेला व हिरड्यांना कुसळ रुतल्यावर त्याचा दोष मात्र तो वणव्याला देत नाही.

मातीवरचा परिणाम याहून गंभीर आहे. पालापाचोळ्याचे आच्छादन गेले की जूनच्या पहिल्या सरी थेट उघड्या मातीवर आदळतात. उतारावरची माती ओढ्यांतून धोम, कण्हेर, उरमोडी, कोयना, वारणा या जलाशयांत उतरते. ज्या झऱ्यांवर डोंगरावरील वाड्या उन्हाळा काढतात ते झरे अशा डोंगरांवर लवकर आटतात. रोपवाटिकेतून आणून लावलेली झाडे तर पहिल्याच वणव्यात संपतात, कारण त्यांच्या सालीला अजून जाडी आलेली नसते. माण, खटाव, कोरेगाव या दुष्काळी तालुक्यांत गेल्या काही वर्षांत श्रमदानातून डोंगर अडवण्याचे मोठे काम झाले. २०१६ च्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातील वेळू गाव पहिले आले. अशा गावांनी समतल चरांच्या बांधावर झाडे लावली. तीन वर्षे घागरीने पाणी घालून जगवलेले ते रान एका दुपारी काळे पडते तेव्हा जे जळते त्याची किंमत कोणत्याही पंचनाम्यात येत नाही.

कारवीचे उदाहरण विशेष बोलके आहे. ही झुडपे सुमारे सात वर्षे वाढतात, मग एकाच हंगामात सगळा डोंगर निळा-जांभळा करून फुलतात आणि फळ धरून मरतात. त्यांची सुकी बोंडे पुढच्या पावसाळ्याची वाट पाहत उभ्या वाळक्या काटक्यांवरच राहतात. पहिल्या पावसात ती तडतडून फुटतात व बी उडते. म्हणजे फुलोऱ्यानंतरच्या उन्हाळ्यात डोंगरावर सर्वांत जास्त सरपण असते आणि त्याच सरपणावर पुढच्या पिढीचे बी टांगलेले असते. त्या एका उन्हाळ्यात वणवा लागला, तर त्या उतारावरील कारवीची सात वर्षांची कमाई धोक्यात येते.

युनेस्कोने २०१२ साली पश्चिम घाटातील निवडक स्थळांना जागतिक वारसा दर्जा दिला. त्यांत महाराष्ट्रातील कास पठार, कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान व राधानगरी ही चार स्थळे आहेत. त्यांपैकी पहिली तीन याच परिसराशी निगडित आहेत. कासच्या सड्यावर मातीचा थर अत्यंत पातळ असतो. तेथील वायतुऱ्यासारख्या वनस्पती कंदाच्या रूपाने उन्हाळा जमिनीखाली काढतात, म्हणून झपाट्याने सरकून जाणारी गवताची आग त्यांना सहसा मारत नाही. पण सड्यावर घरटे करणारे चंडोल-टिटव्या, दगडांखालचे सरडे व विंचू यांना हे कवच नाही. कासभोवती तारेचे कुंपण घातल्यावर आणखी एक पेच समोर आला. गुरांची चराई थांबली, गवत माजले व फुले घटली, अशी तक्रार स्थानिकांनी आणि काही अभ्यासकांनीही केली. गवत माजणे म्हणजे फेब्रुवारीत सरपण वाढणे. संरक्षण केले की जळाऊ साठा वाढतो आणि न केले तर चराईने माळ उघडा पडतो. या पेचाला सर्वत्र लागू पडेल असे एकच उत्तर नाही.

सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर हे या पेचाचे दुसरे रूप आहे. मोहित्यांचे वडगाव येथील धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने उजाड डोंगरांवर झाडे लावून, हरणे सोडून हे मानवनिर्मित अभयारण्य उभे राहिले. १९८५ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र अवघे १०.८७ चौरस किलोमीटर. कोयना, चांदोली व त्यांना जोडणारा पट्टा मिळून २०१० साली झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प ११६५ चौरस किलोमीटरांचा आहे. तेथे एका सोंडेवर आग लागली तर वन्यप्राण्याला दुसऱ्या सोंडेवर जाता येते. सागरेश्वरच्या चारी बाजूंना शेती आणि कुंपण आहे. तेथील हरणाला जाण्यास जागा नाही. लहान जंगलाला लहान आगही पुरते.

उसाचे जळीत

डोंगर उतरून कृष्णाकाठी आले की आगीचे रूप पालटते. कऱ्हाड, वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ज्या आगीची सर्वांत जास्त धास्ती असते ती उसाची. बारा ते अठरा महिने वाढलेल्या फडात खालची पाने वाळून पाचट झालेले असते. लोंबकळणाऱ्या वीजतारा वाऱ्याने एकमेकींना घासल्या, ठिणगी पडली, की पाहता पाहता एकाला लागून एक असे कित्येक शेतकऱ्यांचे फड पेटतात. ऊस आतून ओला असल्याने कांडे उभे राहते. जळते ते पान. त्यामुळे पाहणाऱ्याला वाटते की पीक वाचले. वास्तविक त्या क्षणापासून घड्याळ सुरू होते. जळालेल्या उसातील साखरेचे विघटन होऊ लागते, कांड्याच्या तडकलेल्या सालीतून जिवाणू शिरतात, वजन घटते व उतारा पडतो. एक-दोन दिवसांत गाळप झाले नाही तर नुकसान वाढत जाते. कारखाने जळीत उसाच्या दरात कपात करतात ती या कारणाने. तीस तांत्रिक आधार आहे. मात्र ज्याची चूक नाही त्यालाच ती सोसावी लागते. वीजवाहिनीमुळे आग लागली हे सिद्ध झाल्यास भरपाईची तरतूद आहे. पण तलाठ्याचा पंचनामा, विद्युत निरीक्षकाचा अहवाल आणि कंपनीचा निर्णय या वाटेवर पुढचा गळीत हंगाम सुरू होतो.

येथेही सर्व आगी अपघाती नसतात, हे स्पष्टपणे लिहिले पाहिजे. तोडणी मजुरांना पाचटाची धारदार पाने सोलावी लागतात, हात चिरतात, वेळ जातो. पेटवलेला फड झपाट्याने तोडता येतो. दुसरीकडे, ज्याच्या उसाला महिनोन्महिने तोड येत नाही तो शेतकरी हतबल होऊन स्वतःच काडी लावतो, कारण जळीत ऊस आधी उचलावा लागतो. कपात सोसून त्याला निदान रान मोकळे मिळते. ही आग तोडणीच्या कार्यक्रमपत्रिकेतील विलंब दाखवते. तिच्याकडे केवळ गुन्हा म्हणून पाहिल्यास मूळ दुखणे दिसतच नाही.

तोडणीनंतर पाचट जाळण्याची प्रथा हा याच प्रकरणाचा शेवटचा अंक. हेक्टरी सात-आठ टनांपर्यंत निघणारे पाचट आडवे आले की खोडव्याला पाणी देणे अवघड जाते, म्हणून ते पेटवले जाते. त्याबरोबर सेंद्रिय कर्ब व नत्र हवेत जाते, वरच्या थरातील जिवाणू मरतात. क्षारपड होत चाललेल्या कृष्णा-वारणाकाठच्या जमिनींना ज्या सेंद्रिय कर्बाची सर्वांत जास्त गरज आहे तोच जळून जातो. सरीआड पाचट ठेवून ते कुजवण्याची शिफारस कृषी विद्यापीठे अनेक वर्षे करीत आहेत आणि ती आता पुष्कळ शेतकरी पाळतात. बुडखे छाटणाऱ्या व पाचटाचे तुकडे करणाऱ्या यंत्रांमुळे हा बदल सोपा झाला आहे. उपदेशाने जे झाले नाही ते अवजाराने होऊ लागले, असे म्हणता येईल.

वस्तीतील आग

मुंबईच्या कोटात १७ फेब्रुवारी १८०३ रोजी लागलेल्या आगीने वस्तीचा सुमारे तिसरा हिस्सा जाळला. ती थांबवण्यासाठी तोफांनी घरे पाडावी लागली. त्यानंतर कोटाबाहेर नवी वस्ती वसू लागली आणि मुंबईचा आकारच बदलला. लंडन १६६६ साली जळाले तेव्हा १३,२०० घरे गेली व पुढील वर्षीच्या कायद्याने विटा-दगडांची घरे सक्तीची झाली. शहरे अशी जळून शहाणी होतात. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या स्फोटकांनी व कापसाने भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले आणि त्यांच्या स्मरणार्थ आजही देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. त्या काळी मुंबईत ओझी वाहणाऱ्यांत घाटावरच्या माणसांचा भरणा मोठा होता. तेव्हा ती आग सातारकरांना परकी नव्हती.

सातारा-सांगलीतील जुन्या वस्त्यांचे आगीशी नाते घराच्या छपरावरून ठरे. पूर्वेच्या माणदेशात मातीची धाब्याची घरे, माळवदे. त्यांना आगीचे भय कमी. पश्चिमेच्या डोंगरात कारवीच्या कुडाच्या भिंती व गवती शाकारणी. तेथे एका चुलीची ठिणगी वाडी जाळी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मंगलोरी कौले आली व हळूहळू खेड्यांपर्यंत पोहोचली. आग रोखण्यात त्या कौलाचा वाटा कोणत्याही कायद्याहून मोठा असावा. ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ ही म्हण ज्या समाजात रूढ आहे, तेथे बंबापेक्षा कौलाचाच भरवसा अधिक.

मात्र या दोन जिल्ह्यांच्या स्मृतीत सर्वांत खोल रुतलेली आग छपरामुळे लागली नव्हती. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली आणि मारेकरी ब्राह्मण असल्याचे कळताच पुढच्या काही दिवसांत सातारा जिल्हा, सांगली-मिरज व कोल्हापूर परिसरातील गावोगाव ब्राह्मणांची घरे, दुकाने, वाडे पेटवले गेले. जमाव अनेकदा शेजारच्या गावाहून येई. काही ठिकाणी गावातील माणसेच राखणीला उभी राहिली, काही ठिकाणी तीच वाट दाखवायला पुढे झाली. घरांबरोबर पोथ्या, दप्तरे, कुळांच्या वह्या व जमिनीचे कागद जळाले. असंख्य कुटुंबे पुण्या-मुंबईला गेली ती परतली नाहीत. त्याच वर्षी मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम आला. जमिनीच्या मालकीतील जे स्थित्यंतर कायद्याने होणारच होते, त्याला आगीने आधीच वेग दिला होता. व्यंकटेश माडगूळकर यांची ‘वावटळ’ ही कादंबरी याच दिवसांवर आहे. इतिहासलेखनाने या घटनेकडे बराच काळ पाठ फिरवली आणि तिची नोंद प्रामुख्याने ललित साहित्यात व घराघरांतील आठवणींत राहिली. ग्रामीण समाजाची बौद्धिक व आर्थिक घडी या आगीने किती बदलली, याचा तालुकानिहाय अभ्यास होणे आवश्यक आहे.

अलीकडच्या काळातील मोठी दुर्घटना वाई तालुक्यातील मांढरदेवीची. २५ जानेवारी २००५ रोजी शाकंभरी पौर्णिमेच्या यात्रेत काळूबाईच्या डोंगरावर चेंगराचेंगरी होऊन सुमारे तीनशे भाविक मृत्युमुखी पडले. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि दोन्ही बाजूंच्या दुकानांनी अरुंद केलेली वाट ही तिची सुरुवात. त्यानंतर संतप्त जमावाने दुकाने पेटवली, दुकानांतील गॅसची टाकी फुटू लागली आणि डोंगरावरून उतरायला जागा नसलेल्या गर्दीत आग शिरली. न्यायमूर्ती कोचर यांच्या आयोगाने पुढे या घटनेची चौकशी केली. येथे आग ही पहिले कारण नव्हती. पण जत्रेच्या वाटेवर गॅसची टाकी ठेवून थाटलेली कापडी-ताडपत्रीची दुकाने म्हणजे रचून ठेवलेले सरपणच होते, हे त्या दिवसापर्यंत कोणाला जाणवले नव्हते. महाराष्ट्रात पुढे २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आला. तो प्रामुख्याने इमारतींचा विचार करतो.

नोंद आणि जाळरेषा

वनखाते आज उपग्रहांच्या साहाय्याने आगीचा माग घेते. भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून ‘मोडिस’ या संवेदकाच्या आधारे आगीच्या सूचना देते. त्याची नजर सुमारे एक किलोमीटरच्या चौकोनाची. नंतर ‘व्हीआयआयआरएस’ या संवेदकाने ती ३७५ मीटरपर्यंत बारीक झाली. वनरक्षकाच्या मोबाइलवर आगीचे अक्षांश-रेखांश येतात. तथापि सह्याद्रीवरील गवताची आग दोन-तीन तासांत एक सोंड जाळून विझते. उपग्रह त्यावरून दिवसातून मोजक्याच वेळा जातो. दोन फेऱ्यांच्या मध्ये पेटून विझलेला डोंगर आकडेवारीत येत नाही. शिवाय खाजगी मालकीच्या डोंगरावर, गायरानात वा माळावर लागलेली आग वनक्षेत्राबाहेरची ठरते. साताऱ्यातील पुष्कळ सडे व उतार खाजगी मालकीचे आहेत. वणवा मात्र सात-बारा पाहून चालत नाही.

विझवण्याचे प्रत्यक्ष तंत्र फारसे बदललेले नाही. ओल्या फांद्यांनी झोडपणे, वाऱ्याच्या दिशेने पुढे जाऊन प्रतिआग लावणे आणि त्याही आधी जाळरेषा काढून ठेवणे, एवढीच ती साधने. अलीकडे पाठीवर अडकवून पाने उडवणारी ब्लोअर यंत्रे त्यांत आली आहेत. महाराष्ट्रात आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरला जातो, म्हणून जाळरेषा त्यापूर्वी पूर्ण व्हायला हवी. गवत अर्धवट ओले असताना ती भाजली तर नीट जळत नाही. पुरते वाळल्यावर भाजली तर हाताबाहेर जाते. योग्य दिवस कोणता, हे त्या डोंगरावर आयुष्य काढलेल्या गुराख्याला अचूक कळते. त्याची राब भाजण्याची विद्या आणि वनखात्याची जाळरेषा या मुळात एकच गोष्टी आहेत. जेथे संयुक्त वनव्यवस्थापन समितीने गवत कापून नेण्याचा हक्क गावाला दिला आहे, तेथे गवत डिसेंबरातच विळ्याखाली जाते, गोठ्यात पोहोचते व डोंगरावर पेटायला फारसे उरत नाही. असे गवत कापणारी माणसे आता कमी होत आहेत. पाटण-जावळीच्या वाड्यांतील तरुण मुंबईला आहेत, गुरे विकली गेली आहेत आणि न कापलेले गवत कमरेइतके उभे आहे.